आधार खाटेवर पडण्याआधी


२०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले, ही निःसंशय मोलाची गोष्ट आहे. परंतु दाखल न होता घ्यावयाचे नित्याचे उपचार तीत येत नाहीत. परवडत नाही म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणाऱ्यास ही योजना साहाय्य करीत नाही. तोच पक्षाघाताने दाखल झाला की मात्र धावून येते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेच साधनांचा मोठा वाटा प्राथमिक सेवेस द्यावा, असे म्हटले आहे. म्हणून माझे नम्र मत असे की, दीर्घकालीन आजारांच्या तपासण्या व औषधे या योजनेत समाविष्ट व्हावीत. गरिबाला खाटेवर पडण्याआधीच आधार मिळावा, एवढेच मागणे.