डिस्चार्जनंतरचा हिशेब

एकच मुद्दा मांडतो. गंभीर जखमी वाचला, असे आपण डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट डिस्चार्जच्या कागदावरून ठरवतो. ते फार लवकर ठरवतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९५ ते २००८ या काळात दाखल झालेल्या १,२४,४२१ प्रौढ जखमींचा मागोवा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या चौदा वर्षांत रुग्णालयातील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आले. शल्यविशारदांनी अभिमान बाळगावा अशीच ही घट. मात्र डिस्चार्जनंतरचे मृत्यू ४.७ वरून ७.४ टक्क्यांवर चढले. तीन वर्षांच्या आत १६ टक्के जखमी दगावले, तर सर्वसाधारण लोकसंख्येत तेवढ्याच काळात ५.९ टक्के मृत्यू अपेक्षित होते. संपूर्ण पाठपुराव्यात रुग्णालयात ७,२४३ जण दगावले आणि डिस्चार्जनंतर २१,०४५.

मग पुढचे आयुष्य कशावरून ओळखावे? सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला इजा-तीव्रतेचा गुणांक आपण रोज वापरतो: सर्वाधिक दुखावलेल्या तीन शरीरभागांच्या गुणांचे वर्ग करून बेरीज, कमाल ७५. पहिल्या दिवशी शरीर किती मोडले, हे तो सांगतो. वय, आधीचे आजार, स्वतः उठून संडासला जाता येते की नाही, यांबद्दल तो गप्प आहे. आणि एकाच भागात दोन जबर जखमा असल्या तर त्यातली एकच धरतो! वॉशिंग्टनच्या अभ्यासात डिस्चार्जनंतरच्या मृत्यूशी नाते दिसले ते वयाशी, डोक्याच्या दुखापतीच्या तीव्रतेशी, पडण्यातून झालेल्या इजेशी आणि दैनंदिन कामांतल्या परावलंबित्वाशी. डिस्चार्जनंतर थेट शुश्रूषागृहात जावे लागलेल्यांचा धोका तर सर्वच वयोगटांत जास्त होता.

यावर पहिला आक्षेप असा की, हे मृत्यू वार्धक्याचे आहेत, दुखापतीचे नव्हेत. त्यात तथ्य आहे, पण अपुरे. कारण शुश्रूषागृहात गेलेल्या तरुणांतही धोका वाढलेलाच दिसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पूर्वी टेबलावरच गेले असते असे नाजूक रुग्ण आता वाचतात आणि नंतर जातात, म्हणजे मृत्यू फक्त पुढे ढकलला जातो. हे काही अंशी खरे असावे. परंतु ज्याला इतक्या कष्टाने ओढून आणले, त्याचा पाठपुरावा सोडून द्यायला हे कारण कसे होईल? शुश्रूषागृहामुळे माणूस मरतो, असेही कोणी म्हणत नाही. ते परावलंबित्वाचे लक्षण आहे. आपल्याकडे तसा रुग्ण बहुधा घरीच जातो. सून, बायको किंवा आई त्याला कुशीवर वळवते आणि पाठीला जखम झाली, छातीत कफ साचला, तरी कोणत्याही नोंदवहीत ते येत नाही. परावलंबित्व तेच, फक्त ते कागदावर दिसत नाही.

आधी रस्त्यावरचे मरण थांबवा, असे काहीजण म्हणतील. ते म्हणणे रास्त आहे. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते-अपघातांत मेली. पण आपल्या योजनांची मुदत पाहा. केंद्राची रस्ते-अपघातग्रस्तांसाठीची २०२५ची कॅशलेस योजना दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार देते, तो सात दिवस. आठव्या दिवसापासून जखमी आणि त्याचे घर एकटे. त्यांच्या पाठपुराव्यासाठी लगेच मोठा निधी मागावा लागेल असे नाही; फोन करायला फारसा खर्च येत नाही.

म्हणून एवढीच विनंती: या परिषदेहून दोन दिवसांनी परत गेल्यावर आपापल्या ट्रॉमा नोंदवहीत तीन रकाने वाढवा. घरी जाताना रुग्ण स्वतः काय करू शकत होता, घरात सांभाळणारे कोण, आणि एक वर्षाने फोन केला तेव्हा तो जिवंत होता का.