नजर शाबूत आहे तोवर



बहिणाबाईंच्या या माहेरगावात, आपल्या असोद्यात, आपण इतक्या वर्षांनी जमलो आहोत. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून दोन शब्द बोल, असं संयोजकांनी सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी 'मला बिनसाखरेचा' असे इतके आवाज ऐकले, की विषय आपोआप ठरला. डोळे तपासले का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "मले काहीच तरास नाही." याच वाक्याविषयी मला बोलायचं आहे.

आपण केळीच्या बागांतली माणसं. ठिबकच्या बारीक नळ्या चोंदणं वेगळं आणि मेन लाईन बिघडणं वेगळं, हे आपल्याला ठाऊक आहे. मधुमेहाचे दुष्परिणामही डॉक्टर असेच विभागतात. बारीक रक्तवाहिन्यांचे : डोळ्याचा पडदा, किडनी, नसा. मोठ्या रक्तवाहिन्यांचे : हृदय, मेंदू, पाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत टाईप २ मधुमेहाचा क्रमांक ई-११ आहे. त्यापुढे .२ आला की किडनी, .३ म्हणजे डोळे, .४ म्हणजे नसा. हे खाने कागदावरचे. शरीरात रक्त एकच. म्हणून पडद्यावर दोष दिसला, की आम्ही लघवी आणि किडनीची तपासणीही करायला सांगतो.

पडद्याच्या आजाराला पायऱ्या आहेत. सुरुवातीला बारीक वाहिन्यांना फुगवटे येतात, रक्ताचे ठिपके दिसतात. सौम्य, मध्यम, तीव्र असं ते वाढत जातं. पुढे रक्त कमी पडलं, की पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात. त्यांतून डोळ्यात रक्त उतरतं. पडद्याच्या मध्यभागी सूज तर कोणत्याही पायरीवर येऊ शकते. पहिल्या पायऱ्यांवर मात्र माणसाला फळ्यावरची शेवटची ओळसुद्धा स्वच्छ वाचता येते. त्रास नाही, याचा अर्थ आजार नाही, असा होत नाही.

आज लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, शस्त्रक्रिया आहे. या उपचारांनी आहे ती नजर बऱ्याचदा वाचते. गेलेली परत आणणं फार अवघड. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला, असं नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा पाहावा लागतो. टाईप २ असेल, तर निदान झाल्याबरोबर आणि नंतर दरवर्षी. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून मोटारसायकल घरी ठेवा, सोबत कुणीतरी न्या. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा.

मित्रांनो, एक मागणं आहे. या महिन्यात स्वतःचा पडदा तपासून घ्या. आणि ज्या सरांनी, बाईंनी आपल्याला अक्षर ओळखायला शिकवलं, त्यांच्यापैकी कुणाला मधुमेह असेल, तर त्यांनाही सोबत न्या. आपल्याला एकमेकांचे चेहरे पुढेही ओळखायचे आहेत.