पाकीट फेकू नका

(नागपूर येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापला आहे तो काऊबॉयपटांतल्या जुन्या नटांच्या स्वाक्षरी केलेल्या फोटोंचा. जॉन वेन कोण, गॅरी कूपर कोण, हे मी सांगत बसत नाही. पुढच्या रांगांमध्ये सदरच्या लिबर्टीत इंग्रजी सिनेमे बघून वाढलेली मंडळी बसली आहेत. 'मॅकेनाज गोल्ड' त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. (हशा.) तेव्हा सरळ कामाचं बोलू. सही खरी की खोटी, हे ओळखायचं कसं?

आधी पेन बघा. बॉलपेन अमेरिकेतल्या दुकानांत विकायला आलं ते ऑक्टोबर १९४५ मध्ये. मूकपटांच्या काळातला सर्वांत लाडका काऊबॉय टॉम मिक्स मोटार अपघातात गेला तो ऑक्टोबर १९४० मध्ये. त्यामुळे टॉम मिक्सची बॉलपेनने केलेली सही कुणी विकायला आणली, तर भाव विचारायच्या भानगडीतच पडू नका. शार्पी नावाचं जाड टोकाचं पेन १९६४ चं, आणि गॅरी कूपर वारला १९६१ साली. तिथेही हिशेब तोच. मग भिंग घ्या. छापलेली सही बारीक ठिपक्यांची दिसते. शाईपेनाची रेघ जिथे स्वतःलाच ओलांडते तिथे शाई गडद होते. आणि दोन फोटोंवरच्या सह्या एकावर एक ठेवून तंतोतंत जुळल्या, तर त्या सही करणाऱ्या यंत्राच्या. माणसाचा हात दोनदा तसाच चालत नाही.

आता हाताच्या सह्या, पण दुसऱ्याच्या हाताच्या. या नटांना पोत्यांनी पत्रं यायची. उत्तरं स्टुडिओतल्या मुली द्यायच्या, सह्याही त्याच करायच्या. जीन हार्लो या नटीच्या नावाने तर तिच्या आईने फोटोंवर सह्या केल्या. संग्राहक अशा फोटोला 'बाद' म्हणतात. मी म्हणत नाही. मराठेशाहीतलं पत्र कारकुनाच्या हातचं असतं, वर शिक्का आणि खाली मोर्तब. ते कारकुनाने लिहिलं म्हणून आपण रद्दीत घालतो का? त्या मुली पगारावर बसून जगभरच्या पोरांना उत्तरं देत होत्या, आणि त्यांच्या कामाची खूण या सह्यांमध्ये उरली आहे. ती जपायला नको?

रॉय रॉजर्सचं एक सांगतो. हा फोटोवर नुसतं आपलं नाव लिहायचा नाही. 'रॉय रॉजर्स अँड ट्रिगर' असं लिहायचा. ट्रिगर हा त्याचा घोडा. (हशा.) हसा, पण घोड्याला श्रेय देणारा नट मला दुसरा माहीत नाही. तो घोडा मेल्यावर त्याचं कातडं चढवून पुतळा केला होता. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो दोन लाख सहासष्ट हजार पाचशे डॉलरला गेला.

(श्रोत्यांतून आवाज : फोटो किती डॉलरला गेला?) त्यावर येतो.

पण आज मला बोलायचं आहे ते ज्या पाकिटातून हे फोटो आले त्याबद्दल.

इतवारीतल्या एका रद्दीच्या दुकानात मला एक पाकीट मिळालं. मोठं, खाकी, आत पुठ्ठा. वरचा उजवा कोपरा कात्रीने चौकोनी कापलेला. तिकिटं जमवणाऱ्याने तिकिटं नेली होती, फोटो जमवणाऱ्याने फोटो नेला होता. दोघांनाही ज्याची गरज वाटली नाही ते माझ्या हातात होतं. टाइप केलेला पत्ता : वरून घराचा क्रमांक, मग सदर बाजार, मग नागपूर, आणि खाली 'सी. पी. अँड बेरार'. ती शेवटची ओळ निळ्या पेन्सिलीने खोडून कुणीतरी, बहुधा टपालातल्याच माणसाने, वर 'एम. पी.' लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ना भाऊ, रिकामं तर आहे."

रिकामं? हॉलिवूडच्या त्या टायपिस्ट मुलीकडे जुना पत्ता होता. १९५० साली आपण मध्यप्रांत-वऱ्हाडचे मध्य प्रदेश झालो, हे तिला कोण सांगणार! १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. घर सदरमध्येच, गल्ली तीच, आणि पत्त्याची शेवटची ओळ दहा वर्षांत तीनदा बदलली. (एक आवाज : आता चौथ्यांदा बदला! टाळ्या, हशा.) नाही, मी वेगळ्या विदर्भाच्या वादात शिरणार नाही, मला सिनेमावर बोलायला बोलावलं आहे. एवढंच म्हणतो की या शहराचा राजकीय इतिहास एका पाकिटाच्या पाठपोटावर वाचता येतो आणि आपण तो कात्रीने कापतो.

आणि ती पाकिटं येत कशी होती? जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमानटपाल सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून संध्याकाळनंतर डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळी आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईची थैली मद्रासच्या विमानात, दिल्लीची कलकत्त्याच्या. मग विमानं आपापल्या गावी परतायची आणि सकाळी पत्र वाटपाला तयार. कल्पना करा, मुंबईला उतरलेलं एखादं पत्र मद्रासच्या पोराला जायचं असेल, तर ते आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवर विमान बदलणार! देशाचा मध्य म्हणून आपण झिरो माइलच्या खांबापाशी फोटो काढतो. पण हा देश खरोखर रोज रात्री नागपुरात एकत्र येत होता, त्याची एक पाटीसुद्धा मला कुठे दिसलेली नाही. विषयांतर होत नाहीये. हाच विषय आहे. फोटो लॉस एंजेलिसलाही मिळेल. नागपूरला आलेलं पाकीट नागपूरलाच मिळेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. (हशा.) मग परत-टपालासाठी पाठवायच्या रिप्लाय कूपनची गोष्ट सोडतो. जतनाचं मात्र सांगायलाच हवं.

आपल्याकडे मे महिन्याचं ऊन फोटोला मारत नाही तेवढा कूलर मारतो. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा दिवसभर खोलीत राहते. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा, तो ओल पितो, फुगतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटतो. मग ओढला की चेहरा काचेवर, कागद हातात. तेव्हा फोटो काचेला टेकवू नका, मध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवा. बाजारातल्या मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये घालू नका. कूलरच्या खोलीतलं कपाट तर नकोच. आणि मागे गोंद लावू नका, कारण मागेच शिक्के असतात.

भावाचा प्रश्न राहिला. खऱ्या सहीच्या फोटोला चांगला भाव आहे, सेक्रेटरीच्या सहीला किरकोळ, पाकिटाला जवळजवळ नाही. म्हणून तर पाकिटं अजून रद्दीत सापडतात. ज्यांचे मामा-काका हॉलिवूडला पत्रं लिहायचे, त्यांनी घरचे माळे बघावेत. सदर, अजनीची रेल्वे कॉलनी, कामठीची छावणी, इथली घरं मोडतायत, फ्लॅट होतायत आणि ट्रंका टेम्पोत भरल्या जातायत. काही सापडलं तर तिकीट कापू नका, पत्ता पुसू नका, जसं आहे तसं मला दाखवा. मी विकत मागणार नाही. दोन्ही बाजूंचा फोटो काढून घेईन आणि वस्तू तुमची तुम्हाला परत देईन. बाहेरच्या टेबलावर माझी काही पाकिटं मांडली आहेत. हात कोरडे करून बघा.