तासाभराचं अंतर
(रेडिओवरील भाषण)



चहा चांगला की वाईट, हा प्रश्न वसईत मला नेहमी विचारला जातो आणि विचारणाऱ्याला उत्तर एका शब्दात हवं असतं. तसं ते देता येत नाही. चहा केव्हा घेतला, कशाबरोबर घेतला आणि कशाच्या ऐवजी घेतला, यावर सगळं अवलंबून आहे.

चहाच्या बाजूने जे सांगण्यासारखं आहे ते आधी सांगतो. ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांची माहिती अकरा वर्षांहून अधिक काळ तपासून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज दोन कप किंवा त्याहून जास्त चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका चहा न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळला, आणि त्यातले बहुतेक जण आपल्यासारखाच काळा चहा दूध घालून पीत होते. हा फरक चहामुळेच पडला, असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण माफक चहा निरोगी माणसाला घातक नाही, एवढा धीर त्यातून नक्की मिळतो. मात्र तिकडे बहुतेक घरांत पातीवर उकळतं पाणी ओतून चहा होतो. आपल्याकडे तो पातेल्यात खळखळ उकळतो आणि साखर मुठीने पडते.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपला दिवस फार लवकर सुरू होतो. विरार-नालासोपाऱ्याचे नोकरदार अंधारातच स्टेशन गाठतात. वसईच्या वाड्यांतली भाजी आणि फुलं घेऊन बायका लगेजच्या डब्यातून मुंबईला जातात. पूर्वेला दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून आलेली कुटुंबं वीटभट्ट्यांवर उजाडायच्या आत कामाला लागतात. या सगळ्यांच्या पोटात सकाळी पहिल्यांदा जातो तो चहा. सोबत खारी, बटर, नाहीतर पाव. भट्टीवर पुष्कळदा तेही नसतं, नुसता कोरा गोड चहा असतो. चहाने भूक मरते, असं आपणच म्हणतो. मला चिंता वाटते ती याच मेलेल्या भुकेची. कॅफिनने तरतरी येते, साखरेने थोडा वेळ जोर येतो आणि खाणं दुपारपर्यंत ढकललं जातं. डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईला तोवर ना प्रथिनं मिळालेली असतात, ना लोह.

लोहाबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. याला कारणं अनेक आहेत: अपुरं अन्न, लागोपाठची बाळंतपणं, पाळीतला जास्तीचा रक्तस्राव, जंत, मलेरिया. चहा हे त्यातलं एकमेव कारण नाही, मुख्यही नाही. पण ते उद्यापासून आणि एक पैसाही खर्च न करता दूर करता येण्यासारखं आहे, म्हणून त्याला एवढा वेळ देतो आहे.

चहाला जो तुरटपणा असतो तो टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे. पालेभाजी, डाळ, नागली यांतलं लोह पोटात या द्रव्यांना भेटलं की त्यांचं न विरघळणारं संयुग बनतं आणि ते लोह अंगी न लागता बाहेर पडतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना पावाबरोबर काळा चहा दिला, तेव्हा लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. दूध घालूनही विशेष फरक पडला नाही. पाव आणि चहा ही तर आपल्या असंख्य घरांतली रोजची न्याहरी आहे! मासळी आणि मटणातल्या लोहाचा काही भाग वेगळ्या स्वरूपात असतो, त्याला चहाचा फारसा अडथळा होत नाही. पण रोज मासळी कुणाच्या ताटात असते? जिचं पोट भात, डाळ आणि माठाच्या भाजीवर भरतं, तिचंच नुकसान सर्वांत जास्त.

महात्मा गांधींनी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना ‘आरोग्याची किल्ली’ लिहायला घेतली, त्यातही चहातल्या टॅनिनवरच बोट ठेवलेलं आहे. त्यांनी दिलेलं कारण पोटाच्या अस्तराचं होतं, लोहाचा हिशेब पुढे प्रयोगांतून स्पष्ट झाला.

उपाय अगदी साधा आहे. चहा सोडू नका, सरकवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये तरुण स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात एवढ्या एका तासाने चहाचा अडथळा जवळपास निम्म्यावर आला. जेवणावर लिंबू पिळा, सोबत आवळा खा, पेरू खा. लोह शोषायला त्याची मदतच होते. आणि भल्या पहाटे निघणाऱ्यांनी रात्रीची भाकरी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ आधी पोटात घालावं. चहा गाडीतून उतरल्यावर घ्यावा.

दुसरी गोष्ट चहाच्या उष्णतेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयांना कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांच्या पाहणीत ६० अंशांहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरहून जास्त पिणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका ९० टक्क्यांनी जास्त दिसला. त्यात विडी-सिगारेट आणि दारू असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. गाडी चुकेल म्हणून स्टेशनबाहेर उकळता कटिंग घशात ओतणाऱ्यांना माझी विनंती आहे की चार-पाच मिनिटं थांबा. आपले आजी-आजोबा चहा बशीत ओतून पीत, ती चाल आता गावंढळ समजली जाते. मला ती फार शहाणपणाची वाटते. पसरट बशीत चहा लगेच निवतो.

साखरेबद्दल थोडक्यात सांगतो. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप, म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. वरून घातलेली साखर दिवसभरात पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, हे चांगलं. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा; जिभेला सवय होते.

आपल्या वाड्यांच्या बांधावर वाढणारा गवती चहा मात्र मनापासून सुचवावासा वाटतो. नुसती पात आणि आलं उकळून घेतलं तर त्यात कॅफिन नाही. रात्री झोप न लागणाऱ्यांनी संध्याकाळचा कप असा करावा. चहापूड घातली की अर्थात तो नेहमीचा चहाच झाला. अंगणवाडीच्या वयाच्या लेकरांना चहापुडीचा चहा देऊच नये, बशीभरसुद्धा. त्यांची भूक तेवढ्यानेच मरते आणि वाढीच्या वयातला एक घास कमी होतो.

शेवटी गरोदर भगिनींसाठी. सरकारी आरोग्य केंद्रातून तुम्हाला लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, रोज एक, १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ही गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळाल तर ते बरंचसं वाया जाईल. ती पाण्याबरोबर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर उत्तम. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका, तो लोहामुळे होतो. मळमळ होत असेल तर मनाने गोळी बंद करू नका, आशाताईंना सांगा आणि रात्री जेवल्यावर झोपताना घेऊन पाहा. त्या वेळी घरात चहाही होत नाही.