पुसली म्हणजे गेली नव्हे

गणपतीला गावी जायचं म्हणून माळ्यावरची बॅग खाली काढावी, तर तिच्या चामडी पट्ट्यांवर हिरवट बुरा चढलेला. पालघरचा फ्लॅट असो की बोईसरची भाड्याची खोली, पावसाळ्यात हा अनुभव घरोघरचा. आपण ओलं फडकं फिरवतो आणि बॅग परत ठेवून देतो. आठवड्याभरात बुरा पुन्हा हजर!

याचं कारण असं, की बुरशी हा डाग नव्हे, तो जीव आहे. डोळ्यांना दिसतो तो वरचा बुरा. तिचे बारीक तंतू लाकडात, चामड्यात, कापडात शिरलेले असतात. तिचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात, त्यांना अडवणं आपल्या हातात नाही. पण रुजायला त्यांना ओल लागते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की त्यांचं फावतं, आणि आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याहून जास्तच असते. त्यात खोलीतच दोरीवर कपडे वाळत घातलेले! तेव्हा लढाई खरी ओलीशी आहे.

सफाईला वस्तू गॅलरीत किंवा ओट्यावर न्या. घरात पंख्याखाली बुरशी झटकलीत, तर ती खोलीभर पेरलीत असं समजा. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा. दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांनी या कामापासून लांब राहावं.

पोळपाट-लाटणं साबण आणि गरम पाण्यानं लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासा, उभं ठेवून वाळवा आणि उघडीप मिळताच ऊन दाखवा. भेगेतलं काळं निघत नसेल तर पोळपाट बदला. त्यावर आपण पोळी लाटतो. मुलांचा डबा धुताना झाकणातली रबरी रिंग सुटी करा. काळी रेघ बहुतेक वेळा तिच्याखालीच लपलेली असते.

पाळीवरून भिजून आलेल्या सेफ्टी बुटांतले तळवे बाहेर काढा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. चामडं धुऊ नका. फडक्यावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा, पण आधी कोपऱ्यात लावून रंग उडतो का ते पाहा. स्पिरिट लगेच पेट घेतं, गॅसजवळ नको. मग बूट सावलीत वाळवा आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच पॉलिश करा.

आपल्याकडच्या दोन वस्तूंना मात्र वेगळा न्याय. तांदळाच्या पिठानं काढलेलं वारली चित्र म्हणजे बुरशीला आयतं जेवण. त्याला पाणी लावलंत तर रंगच निघेल. मऊ कोरड्या ब्रशनं हलकेच झाडा. तारपा या वाद्याचा भोपळाही तसाच झाडा. त्याचे सांधे मेणानं बुजवलेले असतात, म्हणून त्याला कडक उन्हात ठेवू नका, वाऱ्यावर सावलीत टांगा.

आता एक कळकळीची सूचना. बुरशी लवकर निघावी म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो काय करतो, हे तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. घरात तर ना सायरन, ना गॅस मास्क.

डांबराच्या गोळ्यांवरही विसंबू नका. त्या कसरीसाठी, बुरशीसाठी नव्हेत. औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या चष्म्याच्या किंवा कॅमेऱ्याच्या डबीत चालतील, अख्ख्या कपाटाला पुरणार नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चामडी वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती कापडात गुंडाळा.

वस्तू हाताला कोरडी लागली तरी आणखी एक दिवस वाळू द्या, मगच कपाटात ठेवा. दोन दिवसांनी कपाट उघडल्यावर कुबट वास आला, तर ओल अजून आतच आहे. वस्तू पुन्हा बाहेर काढा.