माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस

‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटाच्या गाण्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव खऱ्या व्हायोलिनवादकाचं आहे. संगीतकार प्यारेलालजींनी १९७७मध्ये आपल्या गुरूंना दिलेली ती मानवंदना.

गोव्यातल्या माजोर्ड्याला जन्मलेले गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आले, तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात ते वाजवू लागले. संगीतकार राहुलदेव बर्मनही गोन्साल्विस यांच्याकडे शिकले. मला मात्र त्यांच्या स्वतंत्र रचना अधिक मोलाच्या वाटतात. सारंग, तोडी यांसारखे राग त्यांनी पाश्चात्त्य वाद्यमेळासाठी बांधले. १९५८ साली उभारलेल्या त्यांच्या वाद्यवृंदासोबत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे १९६५मध्ये ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. २०१२मध्ये गोव्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या रचना आजच्या वाद्यवृंदांनी जरूर वाजवाव्यात.