कारभाराची एकच वही



व्यापारी पेढीचा कारभार पूर्वी दोन वह्यांवर चाले. दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमानें रोजकीर्दींत लिहावयाचा आणि तेथून तो खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा. पेढी लहान, दिवाणजी एकच. त्यामुळें दोन्ही वह्यांचा मेळ त्याच्या डोक्यांतच बसलेला असे. पुढें कारखाने वाढले आणि वह्याहि वाढल्या. विक्रीची वही निराळी, कोठाराची निराळी, उत्पादनाची निराळी, जमाखर्चाची निराळी. लिहिणारा प्रत्येकजण प्रामाणिक. तरी महिनाअखेर चौघांचे आंकडे चार तऱ्हेचे निघावयाचे. विक्रीखातें म्हणे, माल तयार आहे; कोठारवाला म्हणे, माल नाहीं; आणि कोणाचें खरें मानावें या विवंचनेंत मालक!

या विवंचनेवर संगणकयुगानें जो उपाय काढला, त्याचे गुणदोष आज आपणांपुढें मांडावयाचे आहेत. त्याचें इंग्रजी नांव एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, थोडक्यांत ई. आर. पी. उद्योगाजवळचा पैसा, माल, यंत्रें, माणसें व वेळ यांची नोंद एकाच ठिकाणीं ठेवणारें सॉफ्टवेअर, अशी त्याची सोपी व्याख्या करतां येईल. कारखान्यांत वह्या अनेक नसाव्यात, एकच असावी, आणि ती सर्वांनीं लिहावी व वाचावी, एवढीच मूळ कल्पना.

ही कल्पना एका दिवसांत उपजली नाहीं. तयार मालाच्या मागणीवरून कच्चा माल किती व केव्हां लागेल याचें गणित संगणकाकडून करून घेण्याची रीत १९६४ साली जोसेफ ऑर्लिकी या तज्ज्ञानें अमेरिकेंत बसविली. १९७२ साली जर्मनींत आय. बी. एम. कंपनी सोडलेल्या पांच इंजिनियरांनीं सॅप ही संस्था काढली आणि जमाखर्च, खरेदी, साठा यांस एकत्र गुंफण्यास आरंभ केला. ई. आर. पी. हें नांव १९९० साली गार्टनर या सल्लागार संस्थेनें दिलें. आपल्याकडे १९८६ साली बंगळूरला जन्मलेल्या टॅलीनें व्यापाऱ्यांचा जमाखर्च संगणकावर आणला. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर हिशेब संगणकद्वारां सादर करणें लहान कारखानदारासहि भाग पडलें. मुंबईंत तयार झालेलें ई. आर. पी. नेक्स्ट तर परवान्याचें मूल्य न देतांहि वापरतां येतें. म्हणून हा प्रश्न आतां केवळ गिरणीमालकांचा राहिलेला नाहीं. वडिलांनीं उभा केलेला वीस-पंचवीस माणसांचा कारखाना पुढें चालविणाऱ्या मुलामुलींचाहि तो प्रश्न आहे.

प्रथम गुण पाहूं. समजा, भोसरींतील अशा एका कारखान्याकडे ५०० व्हॉल्व्हची मागणी आली. विक्री-कारकुनानें ती एकदां नोंदविली कीं, तयार व्हॉल्व्ह २०० आहेत, ३०० करावयाचे आहेत, त्यांस लागणारें ओतीव सामान अमुक इतकें कमी आहे आणि तें पुरवठादाराकडून यावयास आठ दिवस लागतात, हें सर्व त्याच वेळीं समोर दिसतें. ग्राहकास अंदाजानें नव्हे तर हिशेबानें तारीख सांगतां येते. माल रवाना झाला कीं शिल्लक घटते, बिल तयार होतें, कराची रक्कम निघते व ग्राहकाच्या खात्यावर येणें चढतें. तीच गोष्ट चार ठिकाणीं पुनः लिहावी लागत नाहीं. ‘असूं द्या जवळ’ म्हणून भरून ठेवलेल्या मालांत अडकणारा पैसा मोकळा होतो. शिवाय नोंद कोणीं केली, केव्हां केली व मागाहून कोणीं बदलली, याचा माग राहतो. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरनें असा माग ठेवलाच पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. अफरातफर अशक्य होत नाहीं. पण ती झांकणें कठीण होतें.

आतां दुसरी बाजू. वही एकच असली म्हणजे चूकहि एकच असते, आणि ती सर्वत्र जाते. पूर्वी कोठारवाल्यानें ५० च्या जागीं ५०० लिहिले, तर जमाखर्चाचा कारकून तें पकडी. कारण त्याची वही स्वतंत्र होती. एकाच वहींत मात्र तीच चुकीची संख्या खरेदींत शिरते, उत्पादनांत शिरते, ताळेबंदापर्यंत पोंचते. आणि छापील कागदावर उमटल्यामुळें तिला एक खोटें वजन प्राप्त होतें.

याचें मोठें उदाहरण अमेरिकेंतील हर्शी या चॉकलेट-कंपनीचें आहे. सुमारें ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून तिनें नवी व्यवस्था बसवावयास घेतली. तज्ज्ञांनीं ४८ महिने मागितले. कंपनीनें ३० महिन्यांत काम उरकावयाचें ठरविलें. १९९९ च्या जुलैंत, म्हणजे हॅलोवीन व नाताळ या सणांच्या मागण्या येऊं लागतात त्याच सुमारास, सर्व कारभार एकदम नव्या व्यवस्थेवर नेला. परिणाम असा झाला कीं, सुमारें १० कोटी डॉलरांचा माल वेळेवर दुकानांत पोंचूं शकला नाहीं आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनीं घसरला. विशेष हें कीं, चॉकलेट बनलें नव्हतें असें नाहीं. हंगामांत जास्तीचा माल कोठें कोठें ठेवीत, तें जुन्या नोकरांस तोंडपाठ होतें. पण त्या जागा नव्या वहींत कोणी मांडल्याच नव्हत्या. वस्तु वखारींत होती, आणि वहीच्या लेखीं ती जगांतच नव्हती!

पण गोष्ट येथें संपत नाहीं. याच कंपनीनें २००२ साली त्याच सॅपची पुढील आवृत्ति वेळेंत आणि ठरल्यापेक्षां कमी खर्चांत बसविली. यंत्र त्याच घराण्याचें, कंपनी तीच. बदलली ती तयारी.

दुसरें उदाहरण जर्मनींतील लिडल या दुकानदार कंपनीचें. ही कंपनी मालाचा साठा खरेदीच्या किंमतीनें मोजी. सॉफ्टवेअरची रूढ रीत विक्रीच्या किंमतीनें मोजण्याची. आपली रीत न सोडतां सॉफ्टवेअरच त्याप्रमाणें बदलून घेण्याचा खटाटोप वर्षानुवर्षें चालला, आणि सुमारें ५० कोटी युरो खर्च झाल्यावर २०१८ साली तो सोडून द्यावा लागला. विकतचा अंगरखा थोडा आंखूड-लांब करतां येतो. सगळी शिवण उसवून पुनः शिवूं गेल्यास कापडहि जातें आणि शिलाईहि जाते. मात्र आपली जी रीत हेंच आपल्या धंद्याचें खरें वैशिष्ट्य असेल, ती केवळ सॉफ्टवेअरच्या सोयीसाठीं सोडणें हेंहि शहाणपणाचें नाहीं. कोणती रीत खरोखर गुणाची आणि कोणती केवळ संवयीची, हें आधीं मालकानेंच ठरवावयास हवें. तें काम विक्रेता करून देणार नाहीं.

खर्चाविषयींहि एक भ्रम आहे. परवाना स्वस्त किंवा फुकट मिळाला म्हणजे काम स्वस्तांत झालें, असें नव्हे. जुन्या नोंदी शुद्ध करणें, माणसांना शिकविणें आणि कांहीं काळ जुनी व नवी वही शेजारीं शेजारीं चालविणें, यांतच पैसा व श्रम लागतात. शिवाय एकदां सर्व कारभार एका विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरवर गेला कीं त्याच्या दरवाढीपुढें मान तुकवावी लागते. म्हणून आपली सर्व नोंद आपणांस हवी तेव्हां व दुसरीकडे नेतां येईल अशा रूपांत परत मिळेल, हें करारांत आधींच लिहून घ्यावें.

मग लहान कारखानदारानें काय करावें? आधीं कोठारांत उतरून प्रत्येक वस्तु हातानें मोजावी. एकाच खिळ्याला तीन नांवें असतील तर एक ठरवावें. प्रथम एकच खातें नव्या वहीवर न्यावें, तें स्थिरावल्यावर दुसरें. दिवाळीच्या तोंडावर किंवा वर्षअखेरीस हा उद्योग आरंभूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, वीस वर्षें कोठार सांभाळणाऱ्या माणसास बाजूला सारून ही वही मांडूं नये. त्याच्या डोक्यांत जें आहे, तेंच तर वहींत यावयाचें आहे. त्याला वाटलें कीं हें यंत्र आपली भाकरी हिरावण्यास आलें आहे, तर तो गप्प बसेल. आणि त्याच्या मौनाची किंमत हंगामाच्या दिवशीं कळेल. त्याच्या जागेविषयीं मालकानें त्यास आरंभींच स्पष्ट शब्द द्यावा व तो पाळावा.

सारांश, ई. आर. पी. हें शिस्त निर्माण करणारें यंत्र नव्हे. असलेली शिस्त किंवा बेशिस्त शतगुणित करणारें यंत्र आहे. ज्या घरांत रोजची नोंद रोज व खरी होते, तेथें तें मालकाचे डोळे होईल. जेथें होत नाहीं, तेथें तेंच अंधार अधिक वेगानें पसरवील. तेव्हां सॉफ्टवेअरची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या कोठारांतील एखादें फडताळ उघडून पाहावें, आणि त्यांतील माल व वहींतील आंकडा जुळतो कीं नाहीं, एवढें एकदां ताडून पाहावें.